‘दुखतंय का’ असं विचारू नका, चाल मोजा

२०२५ च्या पावसाळ्याच्या सुरुवातीला आपल्या अहमदपूर तालुक्यातला एक व्हिडिओ देशभर फिरला. बैलजोडी परवडत नाही म्हणून एका वृद्ध शेतकऱ्याने स्वतःलाच औताला जुंपून घेतले होते आणि मागे त्याची पत्नी औत धरून चालत होती. वाहिन्यांवर तो दिवसभर चालला. शेतकऱ्याच्या कर्जावर चर्चा झाल्या, मदतीच्या घोषणा झाल्या. ते सगळे व्हायलाच हवे होते. पण त्या आठवड्यात चहाच्या टपरीवर एक वाक्य मी दोन-तीनदा ऐकले: "जुन्या माणसांची हाडंच येगळी, आजकालच्या पोरांना जमंल का?"

हे वाक्य कौतुकाचे वाटते, पण मला ते धोकादायक वाटते. म्हातारा माणूस अजून कष्ट करतो आहे, म्हणजे तो धडधाकट आहे, असा हिशोब आपण सगळेच करतो. घरातला, गावातला, दवाखान्यातला आणि सरकारी कागदावरचा हिशोबही तोच. ज्याला काम थांबवणे परवडत नाही, त्याचे काम करत राहणे हा त्याच्या तब्येतीचा पुरावा कसा होईल? तो त्याच्या गरिबीचा पुरावा आहे. मग तब्येतीचा पुरावा कुठे शोधायचा? या लेखात एका अगदी साध्या मोजमापाबद्दल लिहायचे आहे. त्याला यंत्र लागत नाही, रक्त काढावे लागत नाही, पैसे लागत नाहीत. चार मीटर मोकळी जागा आणि मोबाईलमधले स्टॉपवॉच एवढे पुरते. माणूस त्याच्या नेहमीच्या चालीने चार मीटर किती सेकंदांत चालतो, एवढेच मोजायचे.

वैद्यकशास्त्रात चालण्याच्या वेगाला आता नाडी, रक्तदाब, ताप यांच्या पंक्तीत बसवले जाते. त्याचे कारण समजून घेतले पाहिजे. चालणे दिसायला सोपे असले तरी एक पाऊल टाकताना हृदय, फुप्फुसे, स्नायू, सांधे, नसा, डोळे, कानातले तोल सांभाळणारे यंत्र आणि मेंदू या सगळ्यांना एकाच वेळी काम करावे लागते. यातले काहीही बिघडू लागले की शरीर आधी वेग कमी करते. रोगाचे नाव कळायच्या आधीच चाल मंदावते. २०११ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी नऊ दीर्घ अभ्यासांतल्या ३४,४८५ वृद्धांची माहिती एकत्र तपासली. वय, लिंग आणि चालण्याचा वेग एवढ्या तीनच गोष्टींवरून पुढच्या आयुष्याचा जो अंदाज बांधता आला, तो आजारांची यादी, रक्तदाब, वजन, धूम्रपान अशी सगळी माहिती वापरून बांधलेल्या अंदाजाइतकाच बरोबर होता. सेकंदाला ०.८ मीटर हा वेग त्यांच्या वयाच्या मानाने साधारण मध्यावर होता, आणि १ मीटर किंवा त्याहून जास्त वेगाचे लोक सरासरीपेक्षा जास्त जगत होते. युरोपातले तज्ज्ञ आजही ०.८ च्या खालची चाल धोक्याची मानतात. आशियातल्या तज्ज्ञांच्या गटाने २०१९ साली ही रेषा १ मीटरवर नेली.

आपल्या भाषेत सांगायचे तर चार मीटरला पाच सेकंद म्हणजे ०.८. पाच सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर त्या माणसाकडे नीट पाहायची वेळ झाली आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्याला अमुक रोग झाला आहे, असा अर्थ होत नाही.

आता हा विषय या पानावर कशासाठी, असे काही मित्र विचारतील. अत्याचाराची प्रकरणे आहेत, शिष्यवृत्ती अडकल्या आहेत, भरती रखडली आहे, जातनिहाय जनगणना तोंडावर आली आहे, आणि हा माणूस म्हाताऱ्यांची चाल मोजायला सांगतो! प्रश्न रास्त आहे. पण वेगाचा हा आकडा जातीपासून आणि वर्गापासून मोकळा नाही. २०१८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २४ देशांतल्या एक लाखाहून अधिक लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कष्टाची, खालच्या दर्जाची कामे करणारा पुरुष साठाव्या वर्षी ज्या वेगाने चालत होता, त्या वेगाने वरच्या दर्जाचे काम करणारा पुरुष ६६.६ व्या वर्षी चालत होता. म्हणजे गरिबाचे पाय साडेसहा वर्षे आधी म्हातारे झाले होते. स्त्रियांमध्ये हे अंतर ४.६ वर्षांचे होते.

त्याच अभ्यासात गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत हे अंतर कमी, म्हणजे अडीच-पावणेतीन वर्षांच्या आसपास निघाले. ते लपवण्यात अर्थ नाही. माझ्या मते त्याचे एक कारण साधे असावे. आपल्यासारख्या देशात ज्यांचे शरीर सर्वांत जास्त झिजले, ते साठीपर्यंत पोचतच नाहीत. मोजायला उरतात ते त्यातले त्यात चिवट. संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेने २०१८ च्या अहवालात भारतातल्या दलित स्त्रिया आणि उच्चजातीय स्त्रिया यांच्या मृत्यूच्या वेळच्या सरासरी वयात १४.६ वर्षांचे अंतर दाखवले होते. त्यामागची आकडेवारी या शतकाच्या पहिल्या दशकातली, आणि मृत्यूचे सरासरी वय म्हणजे आयुर्मान नव्हे, हे लक्षात ठेवले पाहिजे. पण २०२२ साली आयुर्मानाचाच हिशोब करणारा अभ्यास आला. नऊ राज्यांत (त्यात महाराष्ट्र नव्हता) अनुसूचित जातींचे आयुर्मान उच्चजातीयांपेक्षा तीन वर्षांहून अधिक कमी निघाले, आणि आर्थिक स्थिती सारखी धरली तरी फरक पुरता मिटला नाही.

न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या मुलांचा जन्मापासून माग ठेवणारा एक अभ्यास आहे. त्यातली ९०४ माणसे ४५ वर्षांची झाली तेव्हा त्यांची चाल मोजली. जी हळू चालत होती, ती वयाच्या तिसऱ्या वर्षी घेतलेल्या मेंदूच्या वाढीच्या चाचण्यांतही सरासरीने मागे होती. तिसऱ्या वर्षी! म्हणजे पंचेचाळिशीत पाय कसे पडतील, याचा काही भाग अंगणवाडीच्या वयातच लिहिला जात असतो. आता मराठवाड्यातला १९७२ चा दुष्काळ आठवा. त्या वर्षी आपल्या वस्त्यांत तीन वर्षांचे असलेले लेकरू आज पन्नाशी ओलांडून गेले आहे. सुकडीवर आणि रोजगार हमीच्या खडीवर वाढलेली ती पिढी आज कशी चालते, हे कुणी मोजले आहे का?

आणि त्याआधीची पिढी? १९७८ च्या जुलैमध्ये नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. वस्त्या जळाल्या. ४ ऑगस्ट १९७८ ला नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना मारले. पुढच्या वर्षी, ११ नोव्हेंबर १९७९ ला, नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. तेव्हा अठरा-वीस वर्षांचे असलेले भीमसैनिक आज पासष्टीच्या आसपास आहेत. लाँग मार्चच्या आठवणी आपण दर १४ जानेवारीला ऐकतो, सत्कार करतो, शाल देतो. व्यासपीठाच्या तीन पायऱ्या चढताना त्यांचा हात धरायला दोन पोरे धावतात. पायरी चढायला त्रास का होतो, याची चौकशी मात्र कुणी करत नाही.

सरकार चौकशी करते का? करते, पण विचारून. आशाताई घरोघरी जो तपासणी फॉर्म भरतात, त्यात वृद्धांसाठी काही प्रश्न आहेत. उभे राहताना किंवा चालताना तोल जातो का, हालचालीवर बंधन आणणारे अपंगत्व आहे का, रोजच्या कामाला दुसऱ्याची मदत लागते का, जवळच्या माणसांची नावे विसरता का. फॉर्ममध्ये हे प्रश्न आले ही चांगलीच गोष्ट. अडचण उत्तरात आहे.

माझ्या आईचे सांगतो. वय अडुसष्ट. सगळे आयुष्य दुसऱ्याच्या शेतात खुरपणी, कापूस वेचणी, अलीकडे सोयाबीन काढणी. आशाताई आल्या, ओट्यावर बसल्या, विचारले, "मावशी, चालताना तोल-बिल जातो का?" आई म्हणाली, "नाई बाई, चांगली हाय की मी. काय धाड भरलीय मला?" ताईंनी ‘नाही’वर खूण केली. त्यांची काही चूक नव्हती, त्यांनी विचारले ते लिहिले. त्याच संध्याकाळी मी विहाराच्या फरशीवर खडूने दोन रेघा ओढल्या, मध्ये चार मीटर अंतर. आईला म्हटले, नेहमी चालतेस तशी चाल. साडेसहा सेकंद लागले. पुन्हा चालायला लावले, तरी तेवढेच. म्हणजे सेकंदाला ०.६ मीटर. मग मला आणखी एक गोष्ट दिसली, जी मी वर्षभर पाहत होतो पण दिसत नव्हती. ती जमिनीवरून उठताना दाराची चौकट धरूनच उठते.

आई खोटे बोलली नव्हती. तिच्या मोजपट्टीत ती चांगलीच आहे. ज्या बाईच्या आईला, आजीला, सगळ्या जावांना चाळिशीतच गुडघे धरून उठावे लागत होते, तिला गुडघे धरून उठणे हा आजार वाटत नाही, ते वय वाटते. अमर्त्य सेन यांनी २००२ साली नेमका हाच मुद्दा केरळ आणि बिहारच्या आकड्यांवरून मांडला होता. केरळचे आयुर्मान देशात पुढे, पण ‘आजारी आहे’ असे सांगणाऱ्यांचे प्रमाणही केरळमध्येच जास्त. बिहारात लोक लवकर मरत होते आणि आजारी असल्याचे कमी सांगत होते. शिक्षण आणि दवाखाना ज्याच्या जवळ आहे त्याला आपले दुखणे ओळखता येते, त्याचे नाव घेता येते. ज्याच्या जवळ नाही, तो सहन करतो आणि "बरं हाय" म्हणतो.

म्हणजे तक्रार करण्याची ताकदसुद्धा समाजात सारखी वाटलेली नाही. त्यामुळे विचारून केलेल्या प्रत्येक सर्वेक्षणात आपल्या लोकांचे दुखणे कमी नोंदवले जाण्याचा धोका असतो, आणि त्या कमी नोंदीवर पुढचा निधी, पुढची पदे, पुढचे दवाखाने ठरतात. चार मीटरची रेघ मात्र कुणाच्या सहनशीलतेवर अवलंबून नसते. घड्याळाला संकोच नसतो. आपल्यासाठी या मोजमापाचे महत्त्व इथे आहे.

देशपातळीवर हे मोजले गेले आहे, ही बातमी आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे. मुंबईत गोवंडी-देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिने २०१७-१८ मध्ये ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून अधिक भारतीयांचा अभ्यास केला, त्याचे नाव ‘लासी’. पहिल्या फेरीचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये आला. त्यात साठीपुढच्या लोकांना प्रत्यक्ष चार मीटर चालवून वेळ मोजली आहे, हाताच्या पकडीची ताकद मोजली आहे. जात आणि धर्मही नोंदला आहे. ही माहिती संशोधकांना अर्ज करून मिळते. आपल्या समाजातली कितीतरी मुले-मुली आज समाजकार्य, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, परिचर्या शिकत आहेत, पीएच.डी. करत आहेत. महाराष्ट्रातल्या अनुसूचित जातींच्या वृद्धांची चाल इतरांच्या तुलनेत कशी आहे, स्त्रियांची कशी, शेतमजुरी केलेल्यांची कशी, हा प्रबंधाचा विषय आहे आणि माहिती तयार पडली आहे. दरवर्षी त्याच त्या पाच-सहा विषयांवर प्रबंध लिहिण्यापेक्षा हा घ्यावा, असे मी माझ्याच विद्यार्थी मित्रांना सांगून थकलो.

लासीची एक मर्यादा आहे. तिचा नमुना राज्याचे चित्र दाखवतो, जिल्ह्याचे नाही. लातूर किंवा नांदेडचा वेगळा आकडा त्यातून निघत नाही, मग अहमदपूर तालुक्याचा कुठून निघणार? येऊ घातलेल्या जनगणनेतूनही तो निघणार नाही, कारण जनगणना विचारते, मोजत नाही. धर्माच्या रकान्यात बौद्ध आणि जातीच्या रकान्यात काय, यावर आपल्याकडे रात्र-रात्र वाद चालू आहेत, ते चालू द्या, महत्त्वाचेच आहेत. पण रकाना भरला म्हणजे माणसाची अवस्था कळली असे होत नाही.

वेगाचा प्रश्न फक्त दवाखान्याचा नाही, रस्त्याचाही आहे. अहमदपूरवरून नांदेड-लातूर महामार्ग जातो, राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१. रस्ता रुंद झाला, गाड्या जोरात जाऊ लागल्या, आनंद आहे. आता साधे गणित करा. पादचाऱ्याला रस्ता ओलांडायला किती वेळ लागेल हे ठरवताना वाहतूक अभियंते साधारणपणे सेकंदाला १.२ मीटर हा वेग धरतात. इंग्लंडमध्ये पासष्टीपुढच्या लोकांची चाल मोजली तेव्हा पुरुषांची सरासरी ०.९ आणि स्त्रियांची ०.८ भरली. तिथल्या खात्यापित्या म्हाताऱ्यांनासुद्धा १.२ झेपत नाही. माझ्या आईच्या ०.६ ने सात मीटरची, म्हणजे दोन पदरी एक बाजू ओलांडायला जवळपास बारा सेकंद लागतात. ताशी साठच्या वेगाने येणारी गाडी बारा सेकंदांत दोनशे मीटर येते. म्हणजे दोनशे मीटरवरची गाडी दिसली पाहिजे, तिचा वेग ओळखता आला पाहिजे आणि मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांनी तो निर्णय घेता आला पाहिजे. मग दुभाजकावर थांबायचे आणि दुसऱ्या बाजूला तेच पुन्हा. त्यात उसाच्या हंगामात ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या.

एसटीचेही तसेच. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत, पासष्ट ते पंचाहत्तरला अर्धे तिकीट, मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट. चांगल्या योजना आहेत, आपल्या बायाबापड्यांना त्यांचा खरोखर फायदा झाला आहे, हे मी नाकारत नाही. पण सवलत तिकिटाला आहे, पायरीला नाही. गाडीची पहिली पायरी गुडघ्याएवढी उंच. आधार न घेता खुर्चीतून उठता येत नसेल, तर मोफत तिकीट असूनही तालुक्याच्या दवाखान्यात जायला जीप किंवा ऑटोच लागते, आणि तिथे सवलत नसते.

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीपुढच्या, वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना एकदाच ३,००० रुपये मिळतात. चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, गुडघ्याचा पट्टा, कमोड खुर्ची अशा वस्तूंसाठी ते आहेत. अर्जात वय, उत्पन्न, आधार, बँक खाते लागते. त्या माणसाला यातले नेमके काय हवे, हे कुणी तपासत नाही. काठीची उंची चुकली तरी माणूस पडतो, हे आपल्याकडे काठी विकणाऱ्यालाही माहीत नसते. दिव्यांग प्रमाणपत्राचा रस्ता वेगळाच. तिथे चाळीस टक्क्यांची अट आहे आणि वयाने, झिजेने मंदावलेली चाल त्या चौकटीत सहजासहजी बसत नाही. थोडक्यात, पूर्ण अपंग होईपर्यंत तुमचे पाय कुठल्याच कागदावर येत नाहीत.

मग करायचे काय? आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात आपल्या गावोगावच्या विहारांत संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ग्रंथाचे वाचन चालते. ऐकायला येणारे बहुतेक पन्नाशीपुढचे, त्यातही बाया जास्त. जी माणसे दवाखान्यात बोलावून येत नाहीत, ती इथे रोज आपल्या पायांनी येऊन बसतात. किनगाव असो, हाडोळती असो, शिरूर ताजबंद असो, एखाद्या संध्याकाळी वाचन सुरू व्हायच्या आधी तासभर काढला तर चाळीस माणसांची चाल मोजून होते.

पद्धत एकच ठेवावी, नाहीतर दोन गावांचे आकडे शेजारी ठेवता येणार नाहीत. फरशी कोरडी आणि सपाट हवी. टेपने मोजून चार मीटरवर दोन रेघा. माणसाने पहिल्या रेघेवर उभे राहून सुरुवात करायची आणि दुसरी रेघ ओलांडून पुढे दोन पावले जायचे, रेघेवर थांबायचे नाही, कारण थांबायचे म्हटले की माणूस आधीपासूनच वेग कमी करतो. "भराभरा चाला" असे म्हणायचे नाही. "दुकानात मीठ आणायला जाता तसे चाला" असे म्हणायचे. रोज काठी वापरत असतील तर काठी घेऊनच. दोनदा मोजायचे आणि त्यातला कमी वेळ लिहायचा. शेजारी एक पोरगा किंवा पोरगी हात न लावता, पण हात तयार ठेवून चालली पाहिजे. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, नुकतेच ऑपरेशन झाले असेल, तर त्या दिवशी मोजायचे नाही. जमले तर दुसरी चाचणी, हात छातीवर दुमडून खुर्चीतून पाच वेळा उठणे-बसणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्येष्ठांसाठीच्या मार्गदर्शिकेत त्याला १४ सेकंदांची मर्यादा धरली आहे.

वेग कमी निघाला की खरे काम सुरू होते, आणि इथेच आपले बहुतेक उपक्रम फोटो काढून संपतात. कारण शोधावे लागते. गुडघ्याची झीज हे एक कारण, पण तेच एक नाही. रक्त कमी असणे आपल्या बायांत फार. साखरेमुळे तळपायाच्या नसा बधिर झालेल्या असतात आणि माणसाला जमीन नीट कळत नाही. मोतीबिंदू असतो. बीपीच्या गोळीने उठल्यावर डोके हलके होते. कधी कधी कारण म्हणजे झिजलेली स्लीपर. यातल्या बहुतेक गोष्टी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात तपासता येतात. फक्त "पाय दुखतात" म्हणून गेले की वेदनाशामक गोळ्या मिळतात, आणि "चार मीटरला सात सेकंद लागतात, मागच्या वर्षी पाच लागत होते" असे लिहिलेला कागद घेऊन गेले तर डॉक्टरलाही थांबून पाहावे लागते. आईच्या बाबतीत मी तेच केले. हिमोग्लोबिन बरेच कमी निघाले. आता गोळ्या चालू आहेत.

वेग वाढू शकतो, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर आकडा ऐकून माणसे खचतील. अमेरिकेत ७० ते ८९ वयाच्या १,६३५ लोकांवर झालेल्या प्रयोगात, ज्यांना शिस्तीने चालण्याचा आणि पायांच्या ताकदीचा व्यायाम दिला, त्यांच्यात चालणे बंद पडण्याचे प्रमाण फक्त आरोग्याची व्याख्याने ऐकणाऱ्यांपेक्षा कमी राहिले. फरक फार मोठा नव्हता, ३५ च्या जागी ३० टक्के, पण तो सत्तरी ओलांडलेल्या अशक्त माणसांत होता. "आम्ही आयुष्यभर चाललो, आता कशाचा व्यायाम?" असे आपले लोक म्हणतात. शेतातले वाकणे आणि ओझे यांनी सांधे झिजतात, त्याने मांडीची ताकद टिकतेच असे नाही. खुर्चीतून दहा वेळा उठणे, भिंत धरून टाचांवर उभे राहणे, जेवणात डाळ, अंडी, शेंगदाणे पुरेसे असणे ही वेगळी गोष्ट आहे. आणि चालणे आपल्या परंपरेला परके नाही. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. त्यांत प्रवास झेपणे, निरोगी राहणे आणि खाल्लेले पचणे हे तीन सरळ शरीराचे आहेत. अनेक विहारांच्या अंगणात चंक्रमणासाठी जागा राखलेली असते. सध्या तिथे मोटारसायकली उभ्या असतात.

दोन धोके दिसतात. एक म्हणजे आकडा फुटणे. कोणाची चाल किती, हे गावात चर्चेचा विषय होता कामा नये. वही एकाच व्यक्तीकडे राहावी आणि पुढे द्यायची ती फक्त बेरीज, नावे नाहीत. उद्या कुणी मुकादम किंवा रोजगार हमीच्या कामावरचा माणूस "हिची चाल कमी आहे, हिला काम नको" असे म्हणाला, तर आपण आपल्याच माणसांचे नुकसान केलेले असेल. दुसरा धोका लाजेचा. काठी घेणे म्हणजे हार, असे आपल्या जुन्या कार्यकर्त्यांना वाटते. त्यांना एवढेच आठवून द्यावे की १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बाबासाहेब काठीच्या आणि सहकाऱ्याच्या आधाराने उभे होते. वय ६५. मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने त्यांना कित्येक वर्षे त्रास दिला होता.

तालुक्यातल्या दहा विहारांत जरी एका पद्धतीने नोंद झाली, तरी वर्षावास संपेपर्यंत तीन-चारशे माणसांची बेरीज हातात येईल. ती घेऊन तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे जाता येईल आणि आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस फिजिओथेरपिस्ट मागता येईल. महामार्गावर नेमक्या कुठल्या वस्तीसमोर ओलांडण्याची सोय हवी, हे सांगता येईल. वयोश्रीच्या पैशांतून कुणाला काठी आणि कुणाला चष्मा, ते ठरवता येईल. आपली निवेदने नेहमी "आमच्या समाजातील अनेक वृद्धांना त्रास होतो" अशी असतात. ‘अनेक’ या शब्दावर अधिकारी पोच देतात आणि फाईल बंद करतात.

आमच्या विहारात खडूच्या रेघा पुसल्या जात होत्या, म्हणून परवा पोरांनी तिथे पिवळ्या रंगाच्या दोन पट्ट्या मारल्या. आई रोज वाचनाला जाताना त्या पट्ट्यांवरून जाते आणि मला विचारते, "आज किती झालं रे?" परवा सहा सेकंद झाले होते.